दोन वाटा, आठ जागा

स्कीटच्या मैदानावर आकाशात दोनच वाटा असतात. डाव्या हाताच्या उंच घरातून सुटलेली तबकडी एका वाटेने जाते, उजव्या हाताच्या बुटक्या घरातून सुटलेली दुसऱ्या वाटेने. पहिल्या बाराच्या वेळी या वाटा जिथे असतात, तिथेच त्या पंचविसाव्या बारालाही असतात. जागा बदलतो तो बंदूकवाला. अर्धवर्तुळावर आखलेल्या एका चौकोनातून तो पुढच्या चौकोनात जातो आणि प्रत्येक ठिकाणाहून त्याच दोन वाटा त्याला नव्याने वाचाव्या लागतात. काडतुसांचा एक खोका संपला की फेरी संपते.

मातीच्या कबुतरांवर, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्यांवर, नेम धरण्याचे खेळ बरेच आहेत. ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर पळते आणि कोणत्या कोनात पळेल हे आधी ठाऊक नसतं. स्पोर्टिंग क्लेजमध्ये झाडीतून फिरत जायचं आणि दर ठिकाणी निराळी चाल समोर येते. दोन्हींत अनपेक्षिताचा वाटा मोठा. स्कीटमध्ये मात्र सगळं आधीच जाहीर आहे: कुठून येणार, किती उंचीवरून जाणार, कुठे पडणार. तरीही वर्षानुवर्षं खेळलेली माणसं चुकतात. माहीत असलेली गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवणं किती अवघड असतं, हा या खेळाचा विषय आहे, आणि तो इतक्या थोड्या साधनांत मांडलेला मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेला नाही. म्हणून मला स्कीटची फेरी ही एक रचना वाटते. तिला कर्ता आहे, घाट आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक भागाला तिथे असण्याचं कारण आहे.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि पॅरिसला 2024मध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे आठवतात. म्हणजे रायफल. अंगावर जाड जाकीट, श्वास आवरलेला, शरीर होता होईल तेवढं निश्चल, आणि समोरचं लक्ष्यही निश्चल. स्कीट पाहायला बसताना ही सवय बाजूला ठेवावी लागते. इथे बंदूक थांबली की बार हुकला. चाप ओढतानाही नळी वाहती राहिली पाहिजे आणि बार सुटल्यानंतरही क्षणभर तशीच वाहत गेली पाहिजे. रायफलवाला काळ थांबवायला बघतो. स्कीटवाल्याला काळाच्या थोडं पुढे जावं लागतं.

हे पुढे जाणं मोजता येतं. अर्धवर्तुळाच्या मधोमध उभं राहिलं तर तबकडी सुमारे वीस मीटरवरून आडवी जाते. छर्ऱ्यांना तेवढं अंतर कापायला सेकंदाचा साधारण सोळावा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी मीटरभर पुढे सरकलेली असते. म्हणजे जो नेमका तबकडीवर नेम धरतो तो हमखास तिच्या मागे मारतो. नेम धरायचा तो तिच्या पुढच्या रिकाम्या हवेवर, पण डोळा मात्र तबकडीवरच ठेवायचा, नळीच्या टोकावरच्या माशीवर नाही. डोळा माशीवर आला की हात अडतो. खेळातली बहुतेक चुकामूक याच एका ठिकाणी होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानातल्या तोफचींना शिकवताना स्कीटची मैदानं वापरली, ती याच धड्यासाठी.

ही रचना ज्याच्या नावावर आहे तो विल्यम हार्नडेन फॉस्टर चित्रकार होता, आणि शिकारीच्या मासिकांचा संपादकही. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावात चार्ल्स डेव्हिस यांचं कुत्र्यांचं केनेल होतं. डेव्हिस, त्यांचा मुलगा हेन्री आणि त्याचा मित्र फॉस्टर यांना ग्राउज या रानपक्ष्याच्या शिकारीचा नाद. या पक्ष्याचा नेम नसतो. तो झाडीतून कुठूनही उठतो आणि कुठेही वळतो. मोसम नसताना त्याचा सराव कसा करायचा, या अडचणीतून त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या वर्षांत एक खेळ बसवला. पंचवीस यार्ड त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, घड्याळाच्या आकड्यांसारख्या बारा जागा करायच्या, बाराच्या आकड्यावर तबकडी फेकणारं यंत्र ठेवायचं आणि प्रत्येक जागेवरून दोन बार काढायचे. चोवीस झाले. काडतुसांच्या खोक्यात असतात पंचवीस. उरलेलं एक वर्तुळाच्या मध्यावर उभं राहून, थेट डोक्यावर येणाऱ्या तबकडीवर उडवायचं.

या पहिल्या आराखड्यात एक मोठी उणीव होती: बार चहूकडे सुटायचे. पाहायला आलेल्यांना उभं राहायला जागा नव्हती. आणि 1923मध्ये शेजारच्या जमिनीवर कोंबड्यांची पैदास सुरू झाली. त्या दिशेने छर्रे जाऊ देणं शक्यच नव्हतं. फॉस्टरने वर्तुळ अर्धं कापलं आणि गमावलेले कोन परत मिळवण्यासाठी समोरच्या टोकाला दुसरं यंत्र बसवलं. पहिल्या यंत्राकडून उजवीकडे जाणारी तबकडी आता दुसऱ्या यंत्राकडून डावीकडे येते. सगळे बार एकाच दिशेला, सगळे कोन शाबूत. मागची बाजू पूर्ण मोकळी आणि सुरक्षित. तिथे माणसं उभी राहू शकतात, बघू शकतात, शिकू शकतात. पुढे 1926मध्ये मासिकांतून हा खेळ देशापुढे ठेवला गेला. नाव सुचवणाऱ्याला 100 डॉलरचं बक्षीस होतं. मोंटाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट यांनी सुचवलेलं ‘स्कीट’ हे नाव पक्कं झालं.

मला या हकिगतीत चित्रकाराची नजर दिसते. कागद निम्मा झाल्यावर चित्र निम्मं करायचं नाही, प्रतिबिंब वापरून पुरं करायचं, हे ज्याने रेषांशी आयुष्यभर व्यवहार केलाय त्यालाच पटकन सुचतं. शिवाय त्याने दोन्ही यंत्रं एका उंचीवर ठेवली नाहीत. आजच्या मैदानावर उंच घराची खिडकी जमिनीपासून सुमारे तीन मीटरवर असते, बुटक्या घराची मीटरभर उंचीवर. आणि दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही तबकड्या जमिनीपासून साधारण साडेचार मीटरवर असाव्या लागतात. त्यामुळे एकीची चाल सपाट आणि दुसरीची चढती होते. एक वरून अंगावर येते, दुसरी पायांजवळून उसळते. दोनच वाटा, पण त्यांचे स्वभाव असे वेगळे.

आता फेरी वाचू या. अमेरिकेतल्या लहान गावांत स्कीटचे क्लब पुष्कळ आहेत, बरेचसे सभासदांच्या वर्गणीवर आणि श्रमावर चालणारे. पाच जणांचा गट एकत्र निघतो. बंदुका उघड्या, दुमडलेल्या. चौकोनात पाय ठेवल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. एकजण ‘पुल’ म्हणतो, दुसरा कळ दाबतो, बाकीचे मागे उभे.

पहिली जागा उंच घराच्या अगदी खाली. तबकडी डोक्यामागून, वरून, पाठीकडून पुढे निघून जाते. खरं तर ती अजून चढत असते, पण खालून बघणाऱ्याच्या नजरेला ती उतरतेय असंच वाटतं, कारण दूर जाता जाता ती क्षितिजाकडे सरकते. म्हणून नळी तिच्या किंचित खाली धरावी लागते. पहिल्याच बाराला फॉस्टर सांगतो की तुझ्या डोळ्यांना दिसतं ते आणि घडतं ते यांत फरक आहे. त्यानंतर समोरच्या बुटक्या घरातून येणारी. ती लांबून, सावकाश आल्यासारखी येते आणि तिच्यासाठी वेळ इतका मिळतो की त्या वेळेमुळेच माणूस चुकतो. विचार करायला लागतो, नेम तपासतो, नळी थांबते. मग दोन्ही एकदम, म्हणजे डबल: जाणारी आधी, येणारी नंतर. प्रस्तावना इथे संपते. दूर जाणं, जवळ येणं आणि दोन्ही एका श्वासात. पुढे येणारी सगळी या तिन्हींचीच रूपं आहेत.

दुसऱ्या जागेवर रचना एकदम घट्ट होते. उंच घरातली तीच तबकडी, पण आता तिरकी आणि झपकन पळणारी. घरापासून फारसं लांब गेलेलं नसताना वेग मात्र अंगावर आल्यासारखा वाटतो. नवशिक्यांच्या गुणपत्रिकेत इथे खाडाखोड जास्त असते. हात घाई करतो आणि घाईत नळी तबकडीच्या पुढे उगाच लांब धावते किंवा मागेच अडखळते. पायांची ठेवण कळते ती इथे. ज्या दिशेला तबकडी फुटायला हवी तिकडे आधी पावलं वळवायची, मग कमरेतून मागे येऊन खिडकीच्या बाजूला थांबायचं. शरीर पिळलेलं असतं आणि सुटत सुटत नैसर्गिक जागी येतं तेव्हाच बार सुटतो. उलट केलं तर शेवटी कंबर अडते.

तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागेवर डबल नाहीत, फक्त एकेक. पाहणाऱ्याला वाटतं, इथे खेळ सैल झाला. मला हा फेरीचा सगळ्यात खोल भाग वाटतो. इथे तबकडी पूर्ण आडवी जाते. पुढे धरायचं अंतर इथे सर्वांत मोठं, चौथ्या जागेवर मीटरभर. रिकाम्या हवेवर एवढा विश्वास टाकायला मन तयार होत नाही. मीटरभर पुढे मारलं तर ती वाचेल, ही शंका दरवेळी येते, आणि शंकेने हात आखडता घेतला की छर्रे तिच्या मागून जातात. मागे उभ्या असलेल्या अनुभवी माणसाला ते लगेच कळतं आणि तो एकच शब्द म्हणतो: ‘मागे.’ मैदानावर हाच शब्द सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. फॉस्टरने इथे एकेकच बार ठेवले, कारण इथे जे शिकायचं आहे त्याच्याशी माणसाला एकट्याने, दुसरी तबकडी मध्ये न येता, भेटता यावं. निदान मी ते असं वाचतो.

चौथीनंतर आरसा सुरू होतो. पाचवी म्हणजे उलटी तिसरी, सहावी म्हणजे उलटी दुसरी. पण आरसा शुद्ध नाही. बुटक्या घरातली तबकडी चढती असते, त्यामुळे सहाव्या जागेवरचं कोडं दुसऱ्यासारखं दिसूनही वेगळ्या उत्तराचं असतं. आणि बंदूक एकाच खांद्याला लागते. डावीकडून उजवीकडे वळणं आणि उजवीकडून डावीकडे वळणं शरीराला सारखं नाही. त्यामुळे दुसऱ्या अर्ध्यात पुनरावृत्ती वाटत नाही. चांगल्या कवितेत ध्रुवपद परत येतं तेव्हा मधल्या कडव्यांनी त्याचा अर्थ बदललेला असतो. तसं सहाव्या जागेवरचं डबल पहिल्या अर्ध्याची आठवण देतं आणि ती आठवण तपासून घ्यायला लावतं.

सातवी जागा बुटक्या घराशेजारी. तबकडी पायांजवळून निघून सरळ दूर जाते. पुढे धरायचं जवळजवळ काही नाही. सगळ्या फेरीतली ही सोपी. तिची सोपेपणाची जागा फार विचाराने निवडलेली आहे, कारण तिच्यानंतर आठवी येते.

आठव्या जागेसाठी अर्धवर्तुळ सोडून आत चालत जायचं, दोन घरांच्या बरोबर मध्ये. दोन्ही घरांमधलं अंतर सदतीस मीटरच्या आसपास, म्हणजे खिडकी अठरा मीटरवर, आणि तबकडी जवळजवळ तुमच्याच रोखाने येणार. मध्यरेषेच्या आत ती फुटली पाहिजे. हाताशी सेकंदापेक्षा कमी वेळ. पहिल्यांदा इथे उभं राहणाऱ्याला हे अशक्य वाटतं. प्रत्यक्षात पुढे धरायचं इथे काहीच नसतं. नळी तबकडीतून वर नेत नेत ती दिसेनाशी झाली की चाप ओढायचा. इतक्या जवळून छर्रे अजून फारसे पांगलेले नसतात. लागली की तबकडी तुकड्यांत फुटत नाही, काळा धूर होते. वर्तुळाच्या मध्यावरून डोक्यावर येणाऱ्या तबकडीवर उडवायचं ते पंचविसावं काडतूस होतं ना, त्याची ही आठवण. वर्तुळ कापलं गेलं, मध्य तसाच राहिला.

तबकडीविषयी थोडं. ती आता मातीची नसते. डांबर आणि चुनखडीची भुकटी यांची, अकरा सेंटीमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची, कडांना वळ्या असलेली बशी. यंत्राच्या हाताला लागून फेकताना तुटणार नाही इतकी भक्कम, दोन-तीन छर्रे लागले तर तडकेल इतकी ठिसूळ. 1880मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की याने मातीची तबकडी आणली त्याआधी काचेचे गोळे असत, आणि त्याआधी खरी कबुतरं. पॅरिसच्या 1900च्या ऑलिंपिकमध्येही जिवंत कबुतरं मारण्याची स्पर्धा झाली होती. तबकडीने तो प्रकार मागे पाडला, यासाठी मी तिचा ऋणी आहे. शिशाच्या छर्ऱ्यांचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. मैदानाच्या टोकाला वर्षानुवर्षं साचलेलं शिसं माती आणि पाणी बिघडवतं. काही क्लबांनी पोलादी छर्रे सक्तीचे केले आहेत आणि बाकीच्यांनी ते लवकर करावं.

गुण देण्याची रीत या रचनेला शोभेशी आहे. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा एक तुकडा उडाला की ती पूर्ण गुणाची. धूर झालेली आणि कडेचा टवका उडालेली, दोन्ही सारख्या. नुसती धूळ उडाली तर नाही. आणि फुटलेल्या तबकडीला कुणी काही म्हणत नाही. हुकलेल्यालाच शब्द मिळतो, ‘लॉस्ट’. चांगली फेरी म्हणजे पंच जवळजवळ काहीच बोलला नाही अशी फेरी. एका टवक्याची किंमत पॅरिसला 2024मध्ये आपल्याला कळली. मिश्र स्कीटमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं ब्राँझ चीनविरुद्ध 43-44 असं एका तबकडीने गेलं. त्याआधी 2016मध्ये रिओला मैराज अहमद खान ऑलिंपिकचं स्कीट खेळला होता.

तबकडी फुटली की नाही, याखेरीज मैदान उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काही विचारत नाही, तो पुरुष आहे की स्त्री हेही नाही. 1992मध्ये बार्सिलोनाला स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत होते. चीनच्या झांग शान हिने प्राथमिक फेऱ्यांमधल्या 200 पैकी 200 तबकड्या फोडल्या आणि सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं, तिला पदक राखण्याची संधीच मिळाली नाही. स्त्रियांचं स्कीट 2000मध्ये सिडनीला आलं. त्या चार वर्षांची दारबंदी या खेळाच्या इतिहासातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट आहे.

ऑलिंपिकचं स्कीट अमेरिकन क्लबातल्यापेक्षा कडक. दस्ता कमरेपाशी ठेवून वाट बघायची, आणि ‘पुल’ म्हटल्यावर तबकडी लगेच येईल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही. क्लबात बहुतेकजण दस्ता आधीच खांद्याला लावून ठेवतात आणि शब्दाबरोबर तबकडी सुटते. माझं मत पहिल्या रीतीच्या बाजूने आहे. फॉस्टरचा पक्षी सांगून उठत नव्हता. वाटा ठरलेल्या असल्या तरी वेळ ठरलेली नसावी, म्हणजे माहीत असण्याचा फायदा बेताचा राहतो. पण एका बाबतीत क्लबातलं स्कीट श्रेष्ठ आहे, आणि ती बाब म्हणजे पंचविसावं काडतूस.

बेरीज करून पाहा. पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या जागेवर चार-चार बार, मधल्या तीन जागांवर दोन-दोन, आठवीवर दोन. चोवीस होतात. एक उरतं. त्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. नियम असा की फेरीत पहिली चूक जिथे होईल तिथे, त्याच चौकोनातून, त्याच घरातली तबकडी लगेच पुन्हा मारायची. झालेली चूक पुसली जात नाही, शून्य शून्यच राहतं. पण ज्या बाराने तुम्हाला हरवलं तोच समोर परत येतो, आणि ‘मागे’ हा शब्द कानात ताजा असताना येतो. माणूस कुठेतरी चुकणार हे रचनेने आधीच धरलेलं आहे आणि त्यासाठी तिने एक काडतूस राखून ठेवलंय. फेरीत हे काडतूस कुठे खर्च होईल ते प्रत्येकाचं वेगळं. पाच जणांच्या गटात एकाचं पहिल्याच जागेवर जातं, दुसऱ्याचं चौथ्या. त्यामुळे सगळे एकच फेरी खेळत असले तरी प्रत्येकाची फेरी त्याच्या पहिल्या चुकीच्या ठिकाणी वाकते. ज्याचा ऑप्शन लवकर गेला त्याला पुढच्या चुका तशाच मागे सोडून चालावं लागतं. ज्याचा शिल्लक आहे त्याच्या खिशात दर जागेगणिक ते काडतूस जड होत जातं.

आणि ज्याने चोवीसही फोडल्या, तो आठव्या जागेवर एक काडतूस घेऊन उभा राहतो. त्याला परत करण्यासारखी चूकच नाही. नियम सांगतो की त्याने बुटक्या घरातली, आताच फोडलेली तबकडी पुन्हा मारावी. तीच खिडकी, तेच अठरा मीटर, सेकंदापेक्षा कमी. मागे चार जण बंदुका उघड्या ठेवून उभे असतात आणि त्यांनाही आकडा माहीत असतो. आयुष्यातली पहिली पंचवीस पुरी झाली की काही क्लबांत अशी प्रथा आहे: त्याची टोपी काढून घेतात, हवेत भिरकावतात आणि गटातले बाकीचे तिच्यावर बार काढतात. नंतर तो ती चाळण झालेली टोपी घालूनच पुढच्या फेरीसाठी नाव लिहायला जातो.